जन्मास घालण्याचा अधिकार

प्रश्न दिसावयास अगदीं क्षुल्लक आहे. कन्हान येथें आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं पांढऱ्या रंगाची एक पर्शियन भाटी आहे. तिचें वय दोन वर्षांचें. दिवस मोठे होऊं लागले कीं ती माजावर येते, उंबऱ्यापाशीं लोळते, रात्र रात्र ओरडते आणि घरांत कोणाचा डोळा लागूं देत नाहीं. नागपुरांतील एका गृहस्थांनीं आपला त्याच जातीचा बोका जोड्यासाठीं देऊं केला. पिलें झालीं तर त्यांतील एक त्यांचें व बाकीचीं आमच्या स्नेह्यांचीं, असा ठराव. त्यावरून घरांत दोन पक्ष पडले. आजीबाईंचें म्हणणें असें कीं, मुक्या जीवास एकदां तरी आई होऊं द्यावें. धाकट्या मुलीस पिलें हवींत. गृहिणीस, सगळें निस्तरणें आपल्याच वांट्यास येणार हें ठाऊक असल्यामुळें, नसबंदी बरी वाटते. यजमान दोन्ही बाजू ऐकून गप्प बसतात. आम्ही एके दिवशीं सहज चहास गेलों असतां, "तुम्ही मुलांना नीतिशास्त्र शिकवितां, तेव्हां निवाडा तुम्हीच करा," म्हणून त्यांनीं हा वाद आमच्या गळ्यांत घातला. आम्हीं कांहीं तरी थट्टा करून वेळ मारून नेली. परंतु परततांना कन्हान नदीचा पूल ओलांडूं लागलों, तेव्हां ती थट्टा आमची आम्हांसच बोंचली. कां बोंचली तें पुढें सांगूं.

जे जीव आधींच अस्तित्वांत आहेत, त्यांच्याशीं कसें वागावें याचा विचार आपल्याकडे व इतरत्रहि पुष्कळ झाला आहे. अहिंसा, भूतदया, जीवरक्षण हे सारे शब्द समोर असलेल्या प्राण्यास उद्देशून आहेत. परंतु जो जीव अजून नाहीं, आणि आपण मनांत आणल्यावांचून जो होणारहि नाहीं, त्याच्यासंबंधानें आपलें कर्तव्य काय? माणसाच्या अपत्याविषयीं हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं; तेथें निसर्ग, प्रीति, कुलाची परंपरा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चौकशा या सर्वांचा लोंढा आपणांस वाहून नेतो. मांजरीच्या बाबतींत तसा लोंढा नाहीं. तेथें निर्णय खुर्चीवर बसून, चहाचा पेला हातांत घेऊन, पूर्ण शुद्धीवर असतांना घेतला जातो. म्हणूनच हा प्रश्न लहान असूनहि निर्मळ आहे. जन्मास घालण्याचा अधिकार कोणास व कोणत्या अटीवर पोंचतो, हें त्यांत भिंगाखालीं धरल्याप्रमाणें स्पष्ट दिसतें.

प्रथम या मांजरीची वंशावळ पाहूं. लांब केसांचीं मांजरें इराणांतून युरोपांत गेल्याचा उल्लेख पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाच्या १७ व्या शतकाच्या आरंभींच्या पत्रांत सांपडतो. तथापि मांजराची वंशावळ लिहून ठेवणें व त्याप्रमाणें जोडे लावणें हा उद्योग फार अलीकडचा. लंडन येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ सालच्या जुलै महिन्यांत हॅरिसन वेअर या चित्रकारानें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें, तेव्हांपासून या हौशीस पद्धतशीर रूप आलें. कोणत्या जातीच्या मांजराचें डोकें, शेपटी, डोळे कसे असावेत याचे मानदंड ठरले, बक्षिसें लागलीं आणि बक्षिसें लागल्यावर माणसाचा स्वभाव जें करितो तें त्यानें केलें. नाक थोडें आंखूड असणें शोभतें, असें एकदां ठरल्यावर आणखी आंखूड नाक अधिक शोभेल, हें ओघानेंच आलें. जुन्या चित्रांतील पर्शियन मांजरास नीट नाक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जो चपटा चेहरा प्रदर्शनांतून मान्य झाला, त्यांत तें नाक दोन डोळ्यांच्या मध्यें जाऊन बसलें. याचा परिणाम असा कीं, अश्रु वाहून नेणारी नळी मुडपते व डोळे सदा पाझरत राहतात. श्वासास अडथळा होतो. दांत एकमेकांवर नीट बसत नाहींत. आणि पिलांचीं डोकीं रुंद असल्यामुळें प्रसूति अडण्याचा संभव वाढतो.

गंमत अशी कीं, ज्या शुद्धतेसाठीं हा खटाटोप, ती शुद्धता बव्हंशीं नांवापुरतीच. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या मांजरांच्या जनुकांच्या एका मोठ्या अभ्यासांत असें आढळलें कीं, आजचें पर्शियन मांजर रक्तानें इराणच्या बाजूच्या मांजरांपेक्षां पश्चिम युरोपांतील साध्या मांजरांस अधिक जवळचें आहे. म्हणजे नांव इराणचें, घडण इंग्लंडांतील प्रदर्शनांची, आणि लोळण कन्हानच्या शहाबादी फरशीवर!

आपल्या भाषेंत अशा प्राण्यास 'जातिवंत' म्हणतात. हा शब्द उच्चारतांना आम्ही तरी थोडे अडखळतों. ज्या नागपुरांत १९५६ सालीं लक्षावधि लोकांनीं जन्मावरून ठरणाऱ्या प्रतिष्ठेकडे पाठ फिरवून बौद्धधर्माची दीक्षा घेतली, तेथून थोड्याच कोसांवरील एका दिवाणखान्यांत "जातिवंत आहे कां?" हा प्रश्न अगदीं निष्पापपणें विचारला जावा, हें कानास खटकतें. डॉक्टर आंबेडकरांनीं १९३६ सालच्या आपल्या जातिनिर्मूलनावरील प्रसिद्ध निबंधांत, जातिभेदानें रक्ताची शुद्धि व वंशाचा उत्कर्ष साधतो या कल्पनेचा समाचार घेतलेला आहे. मांजरांस जातिसंस्थेचा चटका बसत नाहीं हें खरें. परंतु रक्त राखण्याची कल्पना माणसांच्या बाबतींत टाकून द्यावयाची आणि गादीवरच्या मांजराच्या बाबतींत कौतुकानें पाळावयाची, यांत एक विसंगति आहे व ती निदान लक्षांत असावी. दुसरीहि एक मौज पाहा. आपल्याकडे विवाह ठरवितांना गोत्र विचारतात तें एक येऊं नये म्हणून; सपिंडांचा विवाह १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेंहि, रूढीचा अपवाद सोडल्यास, निषिद्ध मानला आहे. वंशावळीची हौस करणारा मात्र आवडता गुण पक्का करण्यासाठीं जवळच्या रक्तांतच जोडा लावण्यास कचरत नाहीं. आपल्या पूर्वजांस जनुकें ठाऊक नव्हतीं; पण जवळच्या रक्ताची भीति त्यांस होती, व ती अगदींच निराधार नव्हती.

येथें कोणी म्हणेल कीं, मग जनावरांची निवड करून पैदास करणें हेंच मुळीं वाईट कां? तसें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या नागपूर-वर्ध्याकडे गवळाऊ नांवाची गुरांची जात आहे. अंगानें हलकी, रंगानें बहुधा पांढरी, चालीनें चपळ. भोसल्यांच्या काळीं फौजेचें सामान डोंगराळ वाटांनीं झपाट्यानें नेण्यासाठीं ती नांवाजलेली होती, असें सांगतात. या जातीचा बैल निवडणाऱ्या गवळ्यानें काय पाहिलें? पाय मजबूत आहेत कीं नाहींत, ऊन सोसतो कीं नाहीं, गाय बिनबोभाट विते कीं नाहीं. म्हणजे मालकाचें हित व जनावराची प्रकृति हीं तेथें बव्हंशीं एकाच दिशेनें चालत होतीं. लंगडा बैल गवळ्यासहि नको होता. ही जात नामशेष होऊं नये म्हणून आज प्रयत्न होतात, ते योग्यच आहेत. परंतु केवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठीं निवड होऊं लागली कीं हें संधान तुटतें. १९६१ सालीं स्कॉटलंडांतील एका शेतावर दुमडलेल्या कानांचें एक मांजर आढळलें. तो चेहरा घुबडासारखा गोंडस दिसतो म्हणून त्याची पैदास सुरू झाली. पुढें कळलें कीं, कान दुमडण्याचें कारण कूर्चेंतील दोष आहे, आणि कूर्चा कांहीं कानांतच नसते. तीच व्याधि सांध्यासांध्यांत शिरून मांजरास चालणें कठीण करिते. जें सौंदर्य म्हणून विकलें जात होतें, तेंच दुखणें होतें. ब्रिटनमधील मांजरांच्या प्रमुख नोंदणी-संस्थेनें १९७० नंतरच्या दशकांत त्यांची नोंद बंद केली, आणि नेदरलँड्सनें तर त्यांची पैदासच निषिद्ध ठरविली. तेव्हां पैदास बरी कीं वाईट हा प्रश्नच नाहीं. निवड कोणाच्या हितासाठीं होते, हा खरा प्रश्न आहे.

आतां आजीबाईंच्या म्हणण्याकडे वळूं. त्यास हंसण्याचें कारण नाहीं. ज्या परंपरेंत षष्ठीदेवीचें, म्हणजे बाळंतघराच्या रक्षणकर्त्रीचें, वाहन मांजर आहे, त्या परंपरेंतील वृद्धेस भाटीच्या ठिकाणीं आई दिसावी हें स्वाभाविक आहे. परंतु येथें आपण आपल्या मनांतलें तिच्या मनांत पाहत नाहीं ना, हें तपासलें पाहिजे. माजावर आलेल्या भाटीची तळमळ खरी आहे; ती अपत्याची तहान आहे असें मानण्यास मात्र आधार नाहीं. त्या तळमळीस पुढच्या पिलांचा पत्ताहि नसतो. बोक्याशीं समागम झाल्यावरच भाटीचें बीज सुटतें. न झाल्यास बहुधा कांहीं दिवसांनीं ती पुन्हां माजावर येते, आणि मोसम संपेपर्यंत हाच क्रम चालतो. समागम झाला तर सुमारें नऊ आठवड्यांनीं ती विते, पिलांस दूध पाजते, त्यांच्यासाठीं जीव धोक्यांत घालते, आणि पिलें सुटीं झालीं कीं पुन्हां पहिल्यासारखीच ओरडूं लागते. एकदां आई झाल्यानें तळमळ कायमची शमत नाहीं. तिच्या आरोग्यासहि एका वेताची गरज नाहीं. उलट लहानपणीं नसबंदी झालेल्या भाटीस स्तनांच्या गांठींचा धोका पुष्कळच कमी असतो व गर्भाशयांत पू होण्याचें भय उरत नाहीं, असें पशुवैद्य सांगतात.

परंतु न्यायाच्या तराजूंत दुसरेंहि पारडें आहे. नसबंदी करण्याचा तरी अधिकार आपणांस कोणी दिला? ती भाटी आपली संमति देत नाहीं. तिच्या देहांतील एक मोठी शक्ति आपण काढून घेतों, आणि त्यांत आपल्या झोंपेची सोय मुळींच नसते असें म्हणणें ढोंगीपणाचें होईल. आम्हांस वाटतें, येथें प्रामाणिकपणें कबूल करावें कीं, तिला घराच्या चार भिंतींत आणलें त्याच दिवशीं तिच्या वतीनें निर्णय घेण्याचा भार आपण पत्करला. आतां तीनच वाटा आहेत. तिला वेतावर वेत होऊं देणें. तिला तसेंच कोंडून दर मोसमास तळमळत ठेवणें. किंवा ती तळमळच काढून टाकणें. यांपैकीं मधली वाट, जी आपण बहुतेक जण कांहीं न ठरवितां चालत राहतों, तीच सर्वांत निर्दय होय. काहींच न ठरविणें हाहि एक निर्णयच असतो. त्याची किंमत मात्र दुसऱ्यास द्यावी लागते.

मुलीचा हट्टहि विचारांत घेण्याजोगा आहे. "पिलांना आम्ही चांगलीं घरें पाहून देऊं," असें ती म्हणते, व तिच्या शब्दावर आमचा विश्वास आहे. परंतु कोणतीं पिलें? पर्शियन मांजरांत मूत्रपिंडांत पाण्याच्या गांठी होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. दोहों पालकांपैकीं एकास जरी तो असला, तरी सरासरीनें निम्म्या पिलांत तो उतरतो. त्यास कारण होणारा जनुकांतील दोष २००४ सालीं सांपडला. त्याची चांचणी प्रचारांत येण्यापूर्वीं निरनिराळ्या देशांत ज्या पाहण्या झाल्या, त्यांत एक-तृतीयांशाहून अधिक पर्शियन मांजरांत हा रोग आढळला होता. रोगी मांजर कित्येक वर्षें ठणठणीत दिसतें. त्या अवधींत त्याचीं पिलें घरोघर जातात, त्यांचीं पिलें आणखी घरोघर जातात, आणि मग एके दिवशीं पहिलें मांजर खाणें टाकतें. दुसरी गोष्ट रक्तगटाची. कांहीं जातिवंत वंशांत 'बी' रक्तगट विरळ नाहीं. अशा भाटीस 'ए' गटाच्या बोक्यापासून पिलें झालीं, तर जन्मल्या जन्मल्या पाजलेलें आईचें पहिलें दूधच त्यांच्या रक्तावर उठतें. आई प्रेमानें पाजते व पिलें त्यानेंच मरतात. हें टाळतां येतें. पण आधीं रक्त तपासलें असेल तर. आमच्या स्नेह्यांस आम्हीं विचारलें, बोक्याची सोनोग्राफी वा जनुकांची चांचणी झाली आहे काय? ते म्हणाले, "बोका दिसावयास फार सुंदर आहे."

या ठिकाणीं तर्कशास्त्राचा एक बिकट पेंच उभा राहतो. ऑक्सफर्डचे तत्त्वचिंतक डेरेक पारफिट यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तो विस्तारानें मांडला आहे. मांजराच्या भाषेंत सांगावयाचें तर असें: समजा, हा जोडा लागला व एक पिलूं रोग घेऊन जन्मास आलें. तें सात वर्षें उशीवर झोंपलें, दूधभात खाल्ला, मुलीच्या मांडीवर घुरघुरलें, आणि मग दुखण्यानें गेलें. आपण त्याचें वाईट केलें काय? जोडा लागला नसता तर तेंच पिलूं निरोगी जन्मलें नसतें. तें मुळींच जन्मलें नसतें. सात वर्षांचें बरेंचसें सुखाचें आयुष्य हें शून्यापेक्षां वाईट म्हणतां येईल काय? आणि जर त्या पिलाचें कांहीं बिघडलें नाहीं, तर अपराध कोणाचा व कोणाविरुद्ध?

या पेंचावर आम्हीं बरेच दिवस विचार केला. तो सर्वस्वीं सुटतो असा आमचा दावा नाहीं. तथापि तीन गोष्टी आम्हांस स्पष्ट दिसतात. पहिली अशी कीं, न जन्मलेलें पिलूं कोठें तरी ताटकळत उभें नाहीं. त्यास जन्म न दिल्यानें कोणाचाहि सुखाचा वांटा हिरावला जात नाहीं, कारण तो घेणारा कोणी नाहींच. परंतु जन्मलेल्या पिलाचें दुःख मात्र खरें असून तें भोगणारा कोणी तरी असतो. म्हणून संभाव्य सुख आपणांस जन्म देण्यास बांधून घेत नाहीं. संभाव्य दुःख मात्र आपला हात धरतें. दुसरी गोष्ट अशी कीं, अपराध घडण्यास नेहमींच एखादी विशिष्ट फिर्यादी व्यक्ति लागते असें नाहीं. चांचणी करून निरोगी जोडा निवडणें हातीं असतां, जो आळसानें वा पैसे वांचविण्यासाठीं डोळे मिटून जोडा लावतो, तो कोणत्या पिलाचा गुन्हेगार हें सांगतां आलें नाहीं तरी तो बेपर्वा आहे हें सांगतां येतें. आणि तिसरी गोष्ट, या वादांत ज्या जीवाचें अस्तित्व मुळींच संशयित नाहीं, ती भाटी. प्रसूति अडली, पोट चिरावें लागलें, तर तो त्रास हिच्या वांट्यास येणार. न जन्मलेल्यांविषयींच्या सूक्ष्म तर्कांत, समोर उंबऱ्यापाशीं लोळणाऱ्या जीवास विसरणें बरें नव्हे.

आपल्याकडील भक्तिशास्त्रांत या संबंधाचा एक सुंदर दृष्टान्त आहे. श्रीवैष्णवांच्या दोन शाखांत ईश्वरकृपेविषयीं जो मतभेद झाला, तो मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर या दोन न्यायांनीं सांगतात. माकडाचें पिलूं आईस आपण होऊन घट्ट धरतें; मांजराचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आई त्यास मानेशीं धरून नेईल तिकडे तें जातें. तेंकलै संप्रदायानें दुसरा न्याय पत्करला व भक्ताची निश्चिंतता त्यावर उभारली. आजवर आम्ही हा दृष्टान्त पिलाच्या बाजूनेंच वाचीत आलों. या प्रकरणानें तो आम्हांस उचलणाऱ्याच्या बाजूनें वाचावयास लावला. ज्याअर्थीं पिलूं कांहींच करीत नाहीं, त्याअर्थीं सर्व भार उचलणाऱ्यावर आहे. वंशावळीच्या मांजराची पैदास करणारा मनुष्य त्या वेतापुरता उचलणाऱ्याच्या जागीं बसतो. तीं कोणत्या रक्ताचीं व्हावींत, कोणत्या चेहऱ्याचीं व्हावींत, कोणत्या घरीं पडावींत, हें सर्व तोच ठरवितो. ही जागा घेण्यापूर्वीं मनुष्यानें आपल्या दांतांकडे पाहावें. मांजरीचे दांत तिच्या पिलास लागत नाहींत अशी म्हण आहे. आपले लागत नाहींत असें कोठें ठरलें आहे?

आतां पुलाची गोष्ट. आमचें बालपण कन्हानासच गेलें. घरीं एक करड्या रंगाची भाटी होती. पाळलेली म्हणण्यापेक्षां घरांत असलेली म्हणावें. वर्षांतून दोनदां ती माळ्यावर, गोणपाटांच्या ढिगांत विई. नसबंदीचें नांवहि तेव्हां आमच्या घरांत कोणास ठाऊक नव्हतें. पिलें डोळे उघडून हिंडूं लागलीं, दुधाच्या पातेल्याशीं घुटमळूं लागलीं, कीं घरांतील कोणी तरी वडील माणूस तीं एका पोत्यांत घाली आणि पूल ओलांडून कामठीच्या बाजूस सोडून येई. मांजर मारणें हें महापाप. त्यास प्रायश्चित्त म्हणून सोन्याचें मांजर द्यावें लागतें, हें आम्हां मुलांनाहि पाठ होतें. सोडून येणें हें मात्र पाप नव्हतें. आम्ही दहा वर्षांचे असतांना एकदां हें काम आमच्याकडे आलें. पोत्यांत चार पिलें होतीं. त्यांचें वजन कांहींच नव्हतें. परंतु पोतें खांद्याशीं सारखें हलत होतें, आणि पुलाच्या मध्यावर आल्यावर आंतून जो आवाज येऊं लागला, तो ऐकूं येऊं नये म्हणून आम्ही मोठमोठ्यानें पाढे म्हणूं लागलों. पलीकडे बाजाराच्या कोपऱ्यावर पोतें उघडलें आणि मागें न पाहतां धांवत घरीं आलों. बाजार आहे, खावयास मिळेल, असें मनाचें समाधान केलें. भाटी तीन दिवस माळ्यावरून अंगणांत व अंगणांतून माळ्यावर हिंडत, एका विशिष्ट आवाजांत हांका मारीत होती. चौथ्या दिवशीं ती थांबली. तो आवाज काय होता, हें आम्हांस कोणी सांगावें लागलें नाहीं.

१९२६ सालीं अहमदाबादेंत एका गिरणीमालकांनीं साठाच्या आसपास मोकाट कुत्रीं मारविलीं, तेव्हां मोठें वादळ उठलें. आणि अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजी त्या गृहस्थांच्या बाजूनें उभे राहिलेले पाहून अनेकांस धक्का बसला. त्यांच्या त्या वेळच्या निष्कर्षाशीं सर्वांस सहमत होतां येणार नाहीं. आम्हांसहि होतां येत नाहीं. परंतु त्या लेखमालेंतील एक मुद्दा आम्हांस बिनतोड वाटतो: जबाबदारी न घेतां तुकडा टाकणें ही दया नव्हे, ज्यास दया करावयाची आहे त्यानें प्राण्यास आपला म्हणावें. आमच्या घरचें पोतें या कसोटीस उतरत नव्हतें. आम्ही मांजर मारीत नव्हतों. आम्ही फक्त जन्म होऊं देत होतों व पुढचें पुलापलीकडे ढकलीत होतों.

कोणी म्हणेल, जातिवंत पिलांचें तसें होत नाहीं, त्यांस किंमत असते. किंमत असते हें खरें. परंतु किंमत म्हणजे पोत्याऐवजीं खोका, एवढाच फरक पुष्कळदां ठरतो. विकत घेतलेल्या मांजराचा रोज केस विंचरण्याचा, डोळे पुसण्याचा, आणि वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर गेला कीं त्याला थंडावा देण्याचा उत्साह मावळला म्हणजे, लोकरीच्या गांठी झालेलीं हींच मांजरें रस्त्यावर येतात. शहरांतील प्राणिसेवी संस्थांस हें नवें नाहीं. कायद्याचा आधार येथें तोकडा आहे. प्राण्यांस क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याखालीं २०१७ सालीं जे पैदाशीचे नियम झाले, त्यांच्या नांवांतच कुत्रा आहे, मांजर नाहीं. २०१८ सालचे नियम पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीं आहेत. दिवाणखान्यांतल्या एका वेतावर यजमानाच्या विवेकाखेरीज दुसरा पहारा नाहीं, असेंच समजून चालावें.

आणि शेवटीं घरांचा हिशेब. कन्हानांत, कामठींत, नागपुरांत मांजर पाळूं इच्छिणारीं घरें अगणित नाहींत. रेल्वेस्टेशनाच्या आसपास, खाणकामगारांच्या वसाहतींत, मासळीच्या गाड्यांखालीं प्रत्येक मोसमांत पिलें जन्मतात, आणि त्यांतील पुष्कळ वर्षाच्या आंत मरतात. ज्या घरानें आमच्या स्नेह्यांचें पांढरें पिलूं नेलें असतें, त्यांतील एखाद्या घरानें तरी यांपैकीं एक नेलें असतें. सर्वांनीं नेलें असतें असें नाहीं. परंतु नवीन जीव जन्मास घालण्यापूर्वीं, जन्मलेले बाहेर भिजत आहेत याकडे दृष्टि टाकणें हें कर्तव्य टळत नाहीं.

मग पर्शियन मांजर जगांतून नाहींसें व्हावें काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. ज्यास मनापासून हें कार्य करावयाचें आहे, त्यानें दोहों बाजूंच्या मूत्रपिंडांची व रक्ताची परीक्षा करावी. चपट्यापेक्षां नाकाचें मांजर निवडावें. जवळचें रक्त टाळावें. पिलें तीन महिन्यांचीं होईपर्यंत आईपाशीं ठेवावींत. आणि प्रत्येक पिलास माहेर असावें, म्हणजे दिलेल्या घरीं त्याचें निभलें नाहीं तर पंधरा वर्षांत केव्हांहि तें परत घेण्याची तयारी असावी. इतकें ज्याच्यानें होईल त्याचा अधिकार आम्ही मान्य करूं. आमच्या स्नेह्यांच्या घरीं यांतील एकहि गोष्ट झालेली नव्हती, व पिलांसाठीं पंधरा वर्षांचा शब्द देण्यास कोणी तयार नव्हतें. तेव्हां तो अधिकार त्यांस नाहीं, असें आम्हीं पुढच्या भेटींत सांगितलें.

नागपुरास सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथें भाटीस नेण्याचें आतां ठरलें आहे. मुलीनें प्रथम रुसून व मग विचार करून विचारलें कीं, स्टेशनापाशीं एक काळें पिलूं आहे तें आणलें तर चालेल काय? गृहिणीनें अजून होकार दिलेला नाहीं. आजीबाईंचें मात्र समाधान झालेलें नाहीं. "तुमचें सगळें खरें," त्या म्हणाल्या, "पण तिच्या जन्माचें कांहीं तरी राहूनच गेलें." त्यांच्या या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नाहीं, आणि उत्तर असल्याचा आव आणावा असें आम्हांस वाटत नाहीं. कांहीं तरी राहून जातें, हें खरेंच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तें राहून गेलेलें आपण डोळे उघडे ठेवून पत्करावें. पूल ओलांडतांना पाढे म्हणूं नयेत.